सामना नसलेले दिवस : मॉन्टेव्हिडिओ, जुलै १९३०

विश्वचषक फुटबॉलचा इतिहास बहुधा सामन्यांचाच सांगितला जातो. कोणत्या मिनिटाला कोणी गोल केला, पंचाची शिट्टी कुठे चुकली, चषक कोणी उंचावला. पण दोन सामन्यांच्या मधले दिवसही स्पर्धेतच मोडतात, आणि पहिल्या विश्वचषकात तर या मधल्या दिवसांनी जे घडवले ते सामन्यांनी घडवलेल्यापेक्षा फारसे कमी नाही.

हा धागा त्या दिवसांचा आहे.

पहिला विश्वचषक उरुग्वेच्या राजधानीत, मॉन्टेव्हिडिओत, १३ जुलै ते ३० जुलै १९३० या काळात खेळला गेला. दिवस अठरा, सामनेही अठरा. सारे एकाच शहरात. यांपैकी तेरा दिवशी सामने झाले आणि पाच दिवस मैदाने रिकामी राहिली : २३, २४, २५ जुलै, आणि पुढे २८ व २९ जुलै. शेवटचे दोन दिवस उपांत्य फेरी आणि अंतिम सामना यांच्या मधले. त्या दोन दिवसांत एक नदी ओलांडण्यासाठी हजारो माणसे धडपडली, आणि त्यांतल्या कित्येकांना ती वेळेत ओलांडता आली नाही.

पण त्याआधी थोडे मागे जायला हवे. त्या काळी एखादी स्पर्धा पाहायला वा खेळायला जाणे म्हणजे काय होते, हे कळल्याखेरीज त्या दोन दिवसांचे मोल कळत नाही.

१९२९ मध्ये बार्सिलोनाच्या अधिवेशनात यजमानपद उरुग्वेला मिळाले. १९२४ आणि १९२८ या दोन्ही ऑलिंपिकचे सुवर्णपदक उरुग्वेकडे होते. शिवाय देशाच्या पहिल्या संविधानाला १८ जुलै १९३० रोजी शंभर वर्षे पूर्ण होत होती. पाहुण्या संघांचा प्रवासखर्च आणि राहण्याची सोय आम्ही करू, नवे क्रीडागारही बांधू, अशी तयारी त्या छोट्या देशाने दाखवली. खर्चाची बाजू याप्रमाणे सुटली. सुटली नाही ती वेळेची.

युरोपातून तिथे जायचे तर आगबोटीने सुमारे पंधरा दिवस. तितकेच परतीला. मध्ये स्पर्धा. म्हणजे एकूण दोन महिने. खेळाडूंपैकी अनेक जण कारखान्यांत वा कचेऱ्यांत नोकरी करणारे होते. त्यांना दोन महिन्यांची रजा कोण देणार? क्लब आपले खेळाडू इतके दिवस कसे सोडणार? युरोपातल्या बहुतेक देशांनी नकार दिला त्याचे मुख्य कारण हेच. अखेर चारच संघ निघाले : फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया.

या चारांतही रजेची रडकथा होतीच. फ्रान्सचे प्रशिक्षक गास्तों बारो यांना पॅरिसच्या संगीत विद्यालयातली नोकरी सोडून जाता आले नाही. रुमानियाच्या खेळाडूंना तर राजाने रजा मिळवून दिली. हा राजा, कॅरोल दुसरा, त्याच जूनमध्ये सिंहासनावर आला होता. राज्यकारभाराच्या पहिल्या पंधरवड्यात त्याने फुटबॉलपटूंच्या मालकांकडे शब्द टाकावा, यावरून त्याची आवडनिवड काय होती ते दिसते.

रुमानिया, फ्रान्स आणि बेल्जियम हे तिन्ही संघ ‘काँते व्हेर्दे’ या एकाच इटालियन जहाजावर होते. रुमानियन जेनोआला चढले, फ्रेंच व्हिलफ्रांशला, बेल्जियन बार्सिलोनाला. फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे याच जहाजावर होते आणि शिल्पकार आबेल लाफ्लर याने घडवलेला चषक त्यांच्या सामानात होता. खेळाडू डेकवर धावत, व्यायाम करीत. चेंडू खेळायला जागा बेताचीच. २९ जूनला रिओ दि जानेरो येथे ब्राझीलचा संघ चढला आणि ४ जुलैला जहाज मॉन्टेव्हिडिओच्या धक्क्याला लागले. इजिप्तचा संघही येणार होता. भूमध्य समुद्रात वादळ झाले, संघाची पुढची बोट चुकली, आणि इजिप्त पहिल्या विश्वचषकातून खेळण्याआधीच बाद झाला.

संघांची ही गत, तर युरोपातून प्रेक्षक कुठून येणार? खेळ पाहण्यासाठी दोन महिने मोकळे असणारा मनुष्य एकतर फार श्रीमंत किंवा पूर्ण बेकार असावा लागतो, आणि बेकाराकडे तिकिटाचे पैसे नसतात. त्यामुळे स्पर्धेच्या मागे मागे फिरणारा परदेशी प्रेक्षक, ज्याला आज आपण प्रत्येक विश्वचषकात रंगीत चेहऱ्याने हिंडताना पाहतो, तो १९३० साली मोठ्या संख्येने एकाच देशातून येऊ शकत होता. तो देश अर्जेंटिना.

ब्यूनोस आयर्स आणि मॉन्टेव्हिडिओ या दोन राजधान्या रिओ दे ला प्लाता या एकाच विशाल नदीमुखावर वसलेल्या. नावाचा अर्थ ‘चांदीची नदी’, पण पाणी गढूळ, तपकिरी. पाराना आणि उरुग्वे या दोन मोठ्या नद्या आपला सारा गाळ इथे आणून टाकतात. समुद्राला मिळते तिथे या नदीमुखाची रुंदी २०० किलोमीटरांहून अधिक भरते. दोन्ही शहरांतले जलमार्गाने अंतरही जवळजवळ तेवढेच. पात्र इतके रुंद असले तरी गाळामुळे ते उथळ आहे, आणि मोठ्या बोटींना गाळ उपसून राखलेल्या अरुंद वाटांनीच चालावे लागते. हा भूगोलाचा तपशील कंटाळवाणा वाटला तरी ध्यानात ठेवावा. पुढे तोच निर्णायक ठरतो.

या दोन शहरांमध्ये रोज रात्री आगबोटी चालत. संध्याकाळी एका काठावरून निघायच्या, सकाळी दुसऱ्या काठाला लागायच्या. स्थानिक लोक त्यांना ‘वापोर दे ला कारेरा’ म्हणत. व्यापारी, नातलगांना भेटायला निघालेली कुटुंबे, नाटक मंडळ्या, टँगो गाणारे कलावंत, राजकारणात हरल्यामुळे पलीकडे पळणारे पुढारी, सगळे याच बोटींनी जात. दोन्ही देशांची भाषा एक, खाणे एक, गाणे एक. भांडण मात्र भावकीतले, म्हणून अधिक कडवट.

फुटबॉलमधले भांडण ताजेच होते. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकचा अंतिम सामना याच दोघांत झाला. १० जूनला १-१ अशी बरोबरी. मध्ये दोन दिवसांची विश्रांती. १३ जूनला पुन्हा सामना, आणि उरुग्वे २-१ असा विजयी. त्या वेळी ब्यूनोस आयर्समध्ये वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर लोक तारेने येणाऱ्या बातमीची वाट पाहत उभे होते. १९३० मध्ये तीच लढत तारेवर नव्हे, एका रात्रीच्या अंतरावर होणार होती.

अर्जेंटिनाचे सामने १५, १९, २२ आणि २६ जुलैला होते. दोन सामन्यांमध्ये दोन ते तीन दिवस. हे वेळापत्रक खेळाडूंच्या पायांसाठी आखले होते, पण ते रात्रीच्या बोटीलाही सोयीचे होते. रात्री ब्यूनोस आयर्सहून बोटीत बसावे, सकाळी मॉन्टेव्हिडिओत उतरावे, दुपारी सामना पाहावा, रात्रीच्या बोटीने परत फिरावे आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावे. विश्वचषकाच्या मागे प्रवास करणाऱ्या पहिल्या प्रेक्षकांना विश्रांतीचा दिवस परक्या शहरात काढावा लागत नव्हता. तो त्यांना स्वतःच्या घरी काढता येत होता.

केवळ प्रेक्षकच हे करीत नव्हते. अर्जेंटिनाचा कर्णधार मानुएल फेरेइरा हा शिकत होता आणि त्याची विद्यापीठाची परीक्षा नेमकी स्पर्धेच्या काळात आली. फ्रान्सविरुद्धचा सामना १५ जुलैला खेळून तो परीक्षेसाठी नदी ओलांडून परतला. १९ जुलैला मेक्सिकोविरुद्ध त्याच्या अनुपस्थितीत संघाची जुळवाजुळव करावी लागली आणि गिलेर्मो स्ताबिले नावाच्या एका आघाडीच्या खेळाडूला देशाकडून पहिल्यांदाच संधी मिळाली. स्ताबिलेने त्या सामन्यात तीन गोल केले. अर्जेंटिना ६-३ ने जिंकली. कर्णधार परतल्यावरही स्ताबिलेला वगळण्याची कोणाची छाती झाली नाही. स्पर्धेअखेर त्याच्या नावावर आठ गोल होते, इतर कोणाहीपेक्षा अधिक. पहिल्या विश्वचषकाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू एका परीक्षेच्या वेळापत्रकामुळे मैदानात उतरला, हे फुटबॉलच्या इतिहासातले एक गमतीदार सत्य आहे.

सामन्यांच्या मधले दिवस सगळेच असे सुखाचे नव्हते. १५ जुलैच्या फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात अर्जेंटिनाचा मध्यरक्षक लुईस मोंती याच्या धसमुसळ्या खेळाने फ्रान्सचा ल्युसियें लोराँ जखमी झाला. हा तोच लोराँ, ज्याने दोन दिवसांपूर्वी मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातला पहिला गोल केला होता. पुढे मोंतीच्याच गोलने अर्जेंटिनाला आघाडी मिळाली. फ्रान्स बरोबरी साधण्यासाठी चढाई करीत असताना ब्राझिलियन पंच अल्मेदा रेगो यांनी सहा मिनिटे आधीच खेळ संपवला. चूक लक्षात आल्यावर खेळाडूंना परत बोलावून उरलेली मिनिटे खेळवली गेली. निकाल १-० असाच राहिला. प्रेक्षकांतले उरुग्वेवासी फ्रेंचांच्या बाजूने ओरडत होते. सामना संपल्यावर अर्जेंटिनाच्या संघाला त्यांचा रोष सोसावा लागला, आणि त्यांच्या पथकाने परत जाण्याची भाषा केली. ते गेले नाहीत. पण पुढचे दिवस पाहुण्यांसारखे गेले, असेही म्हणवत नाही.

अर्जेंटिनाचा मुक्काम शहराच्या पश्चिमेला, सांता लुसिया नदीच्या मुखाजवळ होता. उरुग्वेचा संघ शहरातल्याच प्रादो भागात एका हॉटेलात ठेवला होता. ‘ठेवला’ हा शब्द योग्यच आहे. प्रशिक्षक आल्बेर्तो सुपिसी यांनी खेळाडूंना जवळजवळ दोन महिने कुटुंबापासून दूर, कडक शिस्तीत राखले. रात्री अमुक वाजता सगळे आत हवेत. आंद्रेस माझाली हा १९२४ आणि १९२८ अशा दोन्ही ऑलिंपिकचा सुवर्णविजेता गोलरक्षक. एके रात्री तो घरच्यांना भेटण्यासाठी गुपचूप बाहेर पडला आणि उशिरा परतताना सापडला. त्याला संघातून काढले. त्याच्या जागी एन्रिके बायेस्त्रेरो आला आणि विश्वविजेत्यांच्या यादीत त्याचेच नाव राहिले. माझालीला देशाने दोनदा डोक्यावर घेतले होते. स्वतःच्या शहरात, स्वतःच्या घरापासून थोड्याच अंतरावर राहून घरी न जाण्याचा नियम त्याने मोडला, एवढाच त्याचा अपराध. शिस्त हवीच, पण ही शिक्षा वाजवीपेक्षा जड होती, असे आजही वाटल्यावाचून राहत नाही.

२६ जुलै, शनिवार. पहिल्या उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने अमेरिकेला ६-१ असे हरवले. २७ जुलै, रविवार. दुसऱ्या उपांत्य सामन्यात उरुग्वेने युगोस्लाव्हियाला हरवले, तेही ६-१ नेच. अंतिम सामना बुधवारी, ३० जुलैला. नदीच्या दोन्ही काठांवर हवी असलेली लढत ठरली आणि तिच्या आधी दोन रिकामे दिवस उरले : सोमवार आणि मंगळवार.

या दोन दिवसांत ब्यूनोस आयर्स शहर जणू धक्क्यावर येऊन उभे राहिले. त्या एका शहराची लोकसंख्या तेव्हा संपूर्ण उरुग्वे देशापेक्षा अधिक होती. नेहमीच्या रात्रीच्या बोटी पुरणार नव्हत्याच. ज्यादा बोटी ठरवल्या गेल्या, त्याही भरल्या. बंदरावर फटाके उडाले, ‘विजय नाहीतर मृत्यू’ अशा घोषणा झाल्या. सामना कामाच्या दिवशी होता. बुधवारची दुपार गाठायची तर मंगळवारी रात्री निघणे भाग, आणि परतायला गुरुवार उजाडणार. उपांत्य फेरीपर्यंत घर, नोकरी आणि सामना यांचा मेळ बसत होता. आता ज्याला जायचे त्याला काहीतरी सोडूनच जावे लागणार होते. तरी माणसे हजारोंनी निघाली, आणि बोटीत जागा न मिळालेली त्याहून अधिक माणसे मागे राहिली.

पलीकडच्या काठावर याच दोन दिवसांत वेगळी तयारी चालली होती. बंदरात उतरणाऱ्या अर्जेंटिनी प्रवाशांची शस्त्रांसाठी झडती घेण्याचे ठरले. क्रीडागाराच्या दारांवर दुसरी झडती. संगिनी लावलेले सैनिक पहाऱ्याला. पाहुण्यांच्या खिशात पिस्तूल असू शकते हे गृहीत धरून यजमान कामाला लागले होते. बेल्जियमचे पंच जॉन लांगेनुस यांनी अंतिम सामना घेण्यास होकार देताना आपल्या सुरक्षिततेची हमी मागितली आणि सामन्यानंतर ताबडतोब निघता यावे म्हणून बंदरात जहाज तयार असावे असा आग्रह धरला. ही मागणी भित्रेपणाची म्हणून पुढे हसण्यावारी नेली गेली. त्या शहरातले ते दोन दिवस पाहिले, तर ती केवळ व्यवहारी होती.

मोंतीला याच दिवसांत जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, असे सांगितले जाते. त्या कोणाकडून आल्या यावर तर्क पुष्कळ झाले आहेत. इतके खरे की अंतिम सामन्यात खेळलेला मोंती हा १५ जुलैचा मोंती नव्हता. ज्याच्या अंगावर जायला फ्रेंच बिचकत होते, तो त्या दिवशी पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवताना दिसला, आणि हे त्याच्या देशबांधवांना सौजन्य न वाटता भीती वाटली.

या सगळ्या ताणात एक मनुष्य दोन्ही छावण्यांत गेला. टँगोचा सर्वश्रेष्ठ गायक कार्लोस गार्देल याने अंतिम सामन्यापूर्वी दोन्ही संघांची भेट घेतली आणि दोन्हीकडे गायला. तो जन्माने फ्रान्सच्या तुलूझचा की उरुग्वेच्या ताकुआरेंबोचा, हा वाद आजही मिटलेला नाही. वाढला मात्र ब्यूनोस आयर्समध्ये. नदीच्या दोन्ही काठांनी आपला म्हणावा असा माणूस त्या आठवड्यात बहुधा हा एकच होता.

विश्रांतीच्या दिवसांचा उपयोग जखमा भरून यायला व्हावा, ही साधी अपेक्षा. अर्जेंटिनाच्या फ्रान्सिस्को वारायोच्या बाबतीत ती फोल ठरली. तो वीस वर्षांचा होता, गुडघा दुखावल्यामुळे उपांत्य सामन्याला मुकला होता. अंतिम सामन्याच्या आधी तीन दिवस मिळाले. गुडघा पुरता बरा झाला नाही, पण तो खेळला. त्या काळी बदली खेळाडू नसत. एकदा मैदानात उतरलेला मनुष्य लंगडला तरी अखेरपर्यंत तोच. उरुग्वेच्या बाजूलाही एक फेरफार झाला. उपांत्य सामन्यात दोन गोल करणारा पेरेग्रिनो आन्सेल्मो खेळू शकला नाही आणि त्याच्या जागी एक्तोर कास्त्रो आला. लहानपणी करवतीच्या अपघातात उजव्या हाताचा पुढचा भाग गमावलेला कास्त्रो.

मंगळवार, २९ जुलै, रात्र. बोटी निघाल्या आणि नदीवर धुके उतरले.

जुलै म्हणजे तिथे ऐन हिवाळा. रिओ दे ला प्लातावर हिवाळ्यात दाट धुके पडणे नवे नाही. समुद्रासारखी रुंद नदी असताना बोटी धुक्यात अडाव्यात कशा, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर गाळात आहे. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना उथळ पाणी, आणि त्या एका रात्री त्या वाटेवर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक बोटी. समोरचे दिसत नसताना पुढे जाणे म्हणजे गाळात रुतणे किंवा दुसऱ्या बोटीवर आदळणे. बोटी थांबल्या. कप्तानांनी नांगर टाकले, धुके विरण्याची वाट पाहिली. बुधवार उजाडला. मॉन्टेव्हिडिओत सकाळपासून क्रीडागार भरू लागले होते आणि काही बोटी अजून नदीतच उभ्या होत्या.

त्या बोटींवरच्या माणसांनी रजा काढली होती, पैसे भरले होते, घोषणा देत धक्का सोडला होता. त्यांच्या वाट्याला ना सामना आला, ना विश्रांती. अंतिम सामना संपल्यावरच त्यांतल्या काही बोटी बंदराला लागल्या. एक संबंध दिवस एका तपकिरी नदीच्या मध्यावर, पांढऱ्या धुक्यात, काय चालले आहे याचा पत्ता नसताना घालवलेले हे लोक कोणत्याही निकालपत्रकात सापडत नाहीत. स्वतःच्या संघाच्या मागे विश्वचषकाला निघून सामन्याला न पोहोचलेली प्रेक्षकांची ही पहिली मोठी तुकडी म्हणावी लागेल.

जे पोहोचले त्यांनी काय पाहिले ते सर्वश्रुत आहे. नव्या सेंतेनारिओ क्रीडागारात ६८,३४६ प्रेक्षक ही अधिकृत नोंद. चेंडू कोणाचा वापरायचा यावर वाद झाला, तेव्हा पहिल्या अर्धात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्या अर्धात उरुग्वेचा, असा तोडगा निघाला. बाराव्या मिनिटाला दोरादोने उरुग्वेला आघाडी दिली. पेउसेयेने बरोबरी साधली. मग स्ताबिलेने गोल केला. उरुग्वेचा कर्णधार होसे नासाझी याने तो ऑफसाइड असल्याची तक्रार केली, लांगेनुस यांनी ती मानली नाही. मध्यांतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे. दुसऱ्या अर्धात सेआ, इरियार्ते आणि शेवटच्या क्षणी एका हाताचा कास्त्रो. उरुग्वे ४, अर्जेंटिना २. रिमे यांनी चषक उरुग्वेच्या संघटनेचे अध्यक्ष राउल हुदे यांच्या हाती दिला. वारायोचा गुडघा सामन्यातच पुन्हा दुखावला होता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी ३१ जुलैला, उरुग्वेने राष्ट्रीय सुट्टी जाहीर केली. आदल्या दिवसांचा सारा ताण ज्या शहराने सोसला, त्या शहराला सरकारने विश्रांतीचा एक अधिकृत दिवस दिला. मात्र विश्रांती कोणी घेतली असेल असे वाटत नाही. त्याच दिवशी परतीच्या बोटी अर्जेंटिनी प्रेक्षकांना घेऊन पश्चिमेकडे निघाल्या होत्या.

ब्यूनोस आयर्सला सुट्टी नव्हती, पण रस्ते रिकामे नव्हते. उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक झाली. वृत्तपत्रांनी पाहुण्या संघाला मिळालेल्या वागणुकीवर रकाने भरले. अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने उरुग्वेच्या संघटनेशी संबंध तोडले. एका रात्रीच्या बोटीने जोडलेल्या दोन शहरांमधला खेळाचा व्यवहार थांबला. सामन्यातल्या पराभवाने एवढे होत नसते. पराभव तर अर्जेंटिनाने १९२८ मध्येही पचवला होता. फरक हा की या वेळी हजारो अर्जेंटिनी माणसे झडतीच्या रांगेत स्वतः उभी राहिली होती, त्यांनी संगिनी जवळून पाहिल्या होत्या किंवा नदीत अडकून सामना गमावला होता. तारेने आलेला पराभव आणि अंगावर झेललेला पराभव यांत अंतर असते.

वारायो पुढे फार जगला. त्या अंतिम सामन्यात खेळलेल्यांपैकी शेवटचा हयात खेळाडू तोच. वयाची शंभरी पूर्ण करून ३० ऑगस्ट २०१० रोजी तो वारला. वार्धक्यातल्या मुलाखतींतही तो दिवस निघाला की त्याची हळहळ ताजी असे.

मोंतीची गोष्ट मात्र मॉन्टेव्हिडिओत संपत नाही. १९३१ मध्ये तो इटलीत युव्हेंटसकडे गेला आणि १९३४ चा विश्वचषक इटलीकडून खेळला. त्या स्पर्धेच्या आयोजकांनी विश्रांतीचा विचार जवळजवळ काढूनच टाकला होता. गटसाखळी नव्हती. पहिल्याच फेरीत, २७ मे रोजी, सोळांपैकी आठ संघ बाद झाले. ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिका हे अटलांटिक ओलांडून आलेले तिन्ही संघ एकेक सामना खेळून परतीच्या बोटीकडे वळले.

३१ मे रोजी फ्लॉरेन्समध्ये इटली आणि स्पेन यांचा सामना जादा वेळेनंतरही १-१ असा बरोबरीत राहिला. नियमाप्रमाणे तो पुन्हा खेळवायचा होता. कधी? दुसऱ्याच दिवशी. आदल्या दिवशीच्या धसमुसळ्या खेळाने दोन्ही बाजू इतक्या मोडल्या होत्या की स्पेनला सात आणि इटलीला चार खेळाडू बदलावे लागले. स्पेनचा महान गोलरक्षक रिकार्दो झामोरा उतरूच शकला नाही. मेआझाच्या एका गोलने इटली जिंकली आणि दोन दिवसांनी, ३ जूनला, मिलानमध्ये ऑस्ट्रियाला १-० ने हरवून अंतिम फेरीत गेली.

चार दिवसांतल्या या तिन्ही सामन्यांत मोंती खेळला. १० जूनला रोममध्ये इटलीने चेकोस्लोव्हाकियाला २-१ असे हरवले, तेव्हाही तो मैदानात होता. दोन वेगवेगळ्या देशांकडून विश्वचषकाचा अंतिम सामना खेळलेला तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे.